जीपीला किती गुण द्यायचे?

या वेळच्या पत्रांत इंग्लंडहून आलेली पत्रं बरीच आहेत आणि बहुतेकांचा रोख जीपीवर आहे. जीपी म्हणजे तिथला पहिला डॉक्टर. अपघात किंवा तातडीचं काही सोडलं, तर त्याच्या चिठ्ठीशिवाय सहसा तज्ज्ञापर्यंत पोहोचता येत नाही. दुखणं बघून थेट कान-नाक-घशाचा किंवा हाडांचा डॉक्टर गाठायची सवय असलेल्या आपल्या माणसाला पहिला खटका इथेच उडतो. खालचे नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे. चिठ्ठीवरची औषधंसुद्धा तिथे सर्वांना मोफत मिळतात.

प्रश्न : स्लावला येऊन आठ महिने झाले. केस गळताहेत, सतत थकवा आहे आणि एक गुडघा दुखतो, असं तिन्ही घेऊन जीपीकडे गेले. डॉक्टर म्हणाल्या, आज एकच सांगा. वर मलाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे होत असेल?" मला ठाऊक असतं तर मी गेलेच कशाला असते? मधेच त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडून वाचलं. हात हलवत परत आले. अशा डॉक्टरवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : आधी डॉक्टरांची बाजू. एका भेटीसाठी साधारणपणे १० मिनिटं धरलेली असतात. तुमचं ऐकणं, तपासणं, समजावणं, चिठ्ठी लिहिणं आणि नोंद टाइप करणं हे सगळं त्यातच. "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न डॉक्टरला सुचत नाही म्हणून येत नाही. रुग्णाचा अंदाज काय, त्याला धास्ती कशाची आणि आज त्याला काय हवंय, या तीन गोष्टी विचारायच्या हे तिथल्या जीपीच्या प्रशिक्षणातच शिकवतात. आपण त्यावर "तुम्हीच सांगा, डॉक्टर तुम्ही आहात" असं म्हणून मोकळे होतो आणि बोलायची हक्काची जागा वाया घालवतो. तिथे सरळ सांगा : "आईला थायरॉइड आहे, मला तीच शंका येते. रक्ततपासणी करता येईल का?" पडद्यावर त्या बहुधा औषधाची मात्रा किंवा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पडताळत होत्या. रुग्णासमोर पुस्तक उघडणं तिथे कमीपणाचं मानत नाहीत.

आता तुमची बाजू. 'एका भेटीत एकच तक्रार' हा देशभराचा नियम नाही, त्या-त्या दवाखान्याने पाडलेला शिरस्ता आहे. थकवा आणि केस गळणं या तर वेगळ्या तक्रारीही नव्हेत. शरीरात लोह कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं की दोन्ही जोडीनेच येतात. त्या एकत्र ऐकायला हव्या होत्या. गुडघा मात्र खुशाल पुढच्या भेटीवर ढकला.

पुढच्या खेपेला वेळ घेतानाच दुहेरी वेळ, म्हणजे 'डबल अपॉइंटमेंट' मागा. सगळ्यांत महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात सांगा. निघताना दारात उभं राहून "आणि हो डॉक्टर, छातीतही दुखतं हं" असं म्हणणारे रुग्ण जीपींच्या चांगल्या ओळखीचे असतात. त्या एका वाक्याने आधीची नऊ मिनिटं पाण्यात जातात.

१ ऑक्टोबर २०२५ पासून दवाखान्यांना त्यांचा ऑनलाइन अर्ज कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० पर्यंत उघडा ठेवावा लागतो. हा मार्ग तातडीच्या दुखण्यासाठी नाही. त्यात "थकवा येतो, वेळ मिळावा" एवढंच लिहिलं तर अर्ज रांगेत मागे पडतो. "३ महिन्यांपासून थकवा. जिना चढताना धाप लागते. पाळी ७ दिवस चालते, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. केस गळतात. आईला थायरॉइड. रक्ततपासणी व्हावी असं वाटतं" असं लिहिलंत, तर अर्ज वाचतानाच डॉक्टरला कोणत्या तपासण्या लागतील ते कळतं. पुष्कळदा आधी रक्त देऊन मग भेट असा क्रमही लागतो.

औषध न देता परत पाठवलं तर दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. किती दिवसांत उतार पडला नाही तर परत येऊ? आणि काय झालं तर त्याच दिवशी फोन करू? उत्तर तिथेच लिहून घ्या. विषाणूने आलेल्या सर्दी-खोकल्यावर तिथे प्रतिजैविक देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. काही ठरावीक दुखण्यांसाठी जीपीची वाटही बघावी लागत नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' योजनेत घसा, सायनस, मुलांचा कान, चिघळलेला किड्याचा चावा, इम्पेटिगो (खपल्या धरणारा त्वचेचा संसर्ग), नागीण आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांचा साधा मूत्रमार्ग-संसर्ग, या सात तक्रारींवर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट तपासून, गरज असल्यास प्रतिजैविकासकट औषध देऊ शकतो.

प्रश्न : मी मँचेस्टरला शिकायला आलोय, पाच जणांत एक घर घेतलंय. वीजबिल माझ्या नावावर नाही. दवाखान्याच्या रिसेप्शनवर म्हणाले, पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा आणा, नाहीतर नोंदणी नाही. आता?

उत्तर : ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसा किंवा एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) क्रमांक यांपैकी काहीही नसलं, तरी तेवढ्यावरून नोंदणी नाकारता येत नाही. मागायला हरकत नाही, अडवायला आहे. दवाखान्याचा नोंदणी-अर्ज भरा, किंवा एनएचएसच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन नोंदणी करा. तिथे रिसेप्शनशी हुज्जतच पडत नाही. दवाखान्याची यादी बंद असेल, म्हणजे नवे रुग्ण घेणं थांबवलेलं असेल, किंवा तुमचं घर त्यांच्या हद्दीबाहेर असेल, तर नकार रास्त ठरतो, पण त्याचं कारण त्यांना १४ दिवसांत लेखी द्यावं लागतं. "नकार असेल तर तसं लेखी द्या" हे वाक्य शांतपणे उच्चारलं की बहुतेक अर्ज तिथल्या तिथे स्वीकारले जातात. तरीही नाहीच म्हणाले, तर त्या भागातल्या एनएचएसचा कारभार बघणाऱ्या 'इंटिग्रेटेड केअर बोर्डा'ला कळवा.

व्हिसासोबत आरोग्य-अधिभार भरलाय, हे रिसेप्शनला ऐकवू नका. तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड आहे, पण त्याचा संबंध इस्पितळातल्या उपचारांशी. जीपीकडची नोंदणी तो न भरलेल्यालाही खुली आहे. आणि आजारी पडायची वाट न बघता आत्ताच नोंदणी करून टाका. १६ ते ३५ वयाच्या, भारतासारख्या क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशातून गेल्या पाच वर्षांत आलेल्यांना सुप्त, म्हणजे अंगात असून लक्षणं न दाखवणाऱ्या क्षयाची रक्ततपासणी बऱ्याच भागांत देऊ केली जाते, आणि तिची वाट नोंदणीतूनच जाते. व्हिसासाठी काढलेला छातीचा एक्स-रे वेगळा. त्यात सुप्त क्षय दिसत नाही.

प्रश्न : सासूबाई आमच्याकडे हॅरोला राहतात. त्यांना मराठीशिवाय बोलता येत नाही. दर वेळी मी सुट्टी काढून बरोबर जाते, नाहीतर चौदा वर्षांच्या मुलाला पाठवते. डॉक्टरांना त्या फारसं काही सांगतच नाहीत आणि घरी आल्यावर कुरकुर करतात. काय करावं?

उत्तर : मुलाला पाठवणं आधी बंद करा. नातवासमोर कोणती आजी अंगावरून पांढरं जातं किंवा लघवी थांबत नाही, हे सांगेल? सुनेसमोरही त्या अवघडत असतील. इंग्लंडमध्ये जीपीकडे दुभाषी मोफत मिळतो, आणि घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना त्या कामाला लावू नये असं एनएचएसचं मार्गदर्शन आहे. आपले लोक तो मागत नाहीत. घरात इंग्रजी येणारं माणूस आहे ना, मग परक्याला मधे कशाला, असा विचार असतो. दवाखान्यालाही न मागितलेलं सोयीचंच पडतं.

दुभाष्याची मागणी वेळ घेतानाच करायची, दारात पोहोचल्यावर नाही. रिसेप्शनला तीन गोष्टी सांगा. भाषा मराठी. 'इंडियन' एवढंच सांगितलं तर फोनवर हिंदी किंवा गुजराती बोलणारी व्यक्ती येते, आणि सासूबाई भिडेखातर "हो हो, समजतं" म्हणून मोकळ्या होतात. दुसरं, दुहेरी वेळ, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. तिसरं, स्त्री दुभाषी हवी असल्यास तसं. ही सगळी नोंद त्यांच्या कायमच्या नोंदीवर चढवायला लावा, म्हणजे दर वेळी पाढे वाचावे लागत नाहीत. बहुतेक वेळा दुभाषी प्रत्यक्ष येत नाही, फोनच्या स्पीकरवर असतो. सासूबाईंना एवढं समजावून ठेवा की बघायचं डॉक्टरकडे, बोलायचं छोट्या वाक्यांत आणि मग थांबायचं.

तुम्ही बरोबर जायला काहीच हरकत नाही. औषधांची पिशवी तुमच्या हातात, बोलणं दुभाष्याकडे. घरचं माणूस भाषांतर करताना नकळत गाळणी लावतं. सासूबाई पाच मिनिटं बोलतात आणि आपण म्हणतो, "शी हॅज गॅस." छातीत भरून येणं, जेवणानंतर चालताना धाप लागणं, डाव्या हाताला मुंग्या येणं हे सगळं त्या 'गॅस'मध्ये बुडून जातं, आणि डॉक्टर आम्लपित्ताची गोळी लिहितो. तपासणीच्या वेळी स्त्री-डॉक्टर किंवा खोलीत एक प्रशिक्षित साक्षीदार मागता येतो. त्याला 'शॅपरोन' म्हणतात. मागितलं म्हणून कुणी वाईट मानत नाही.

प्रश्न : मला टपालाने 'जीपी पेशंट सर्व्हे'चं पत्र आलंय. आमचे डॉक्टर मूळचे दिल्लीचे, माणूस चांगला, पण दवाखान्याचा फोन लागता लागत नाही. कमी गुण दिले तर त्यांना कळेल का? पुढे उपचारात हात आखडता घेतील का? एक मित्र म्हणतो की आपण भारतीय लोक उगाच कमी गुण देतो, आपल्या अपेक्षाच अवास्तव असतात. हे खरं का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : मित्राचं म्हणणं बरीच वर्षं खुद्द तज्ज्ञांतही चालत होतं, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

ही पाहणी २००७ पासून चालते. एनएचएससाठी ती इप्सॉस ही संस्था करते. पत्रं वर्षाच्या सुरुवातीला जातात आणि निकाल उन्हाळ्यात प्रत्येक दवाखान्याच्या नावानिशी जाहीर होतो. २०२४ साली जवळपास ७ लाख लोकांनी ती भरली आणि सुमारे ७४ टक्क्यांनी आपल्या दवाखान्याचा अनुभव एकूण चांगला असल्याचं सांगितलं. या सरासरीच्या खाली डोकावलं की दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांचे गुण गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा कमी दिसतात, आणि हे चित्र वर्षानुवर्षांचं आहे. त्याची दोन स्पष्टीकरणं संभवतात. एक, या लोकांचा हातच आखडता. दोन, त्यांना मिळते ती सेवाच उणी.

केंब्रिजच्या संशोधकांनी याची कसोटी लावली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जीपी आणि रुग्ण यांच्या भेटींच्या अभिनित चित्रफिती तयार केल्या होत्या; काहींत डॉक्टर नीट बोलतो, काहींत तुटक. इंग्लंडमध्येच राहणाऱ्या गोऱ्या ब्रिटिश आणि पाकिस्तानी वंशाच्या मिळून १,१०० हून अधिक लोकांना त्या दाखवल्या आणि डॉक्टरच्या बोलण्याला गुण द्यायला सांगितलं. पाकिस्तानी वंशाचे लोक जात्याच कमी गुण देणारे असते, तर तीच चित्रफीत बघून त्यांनी कमी दिले असते. झालं उलटं. त्यांनी शंभरात सुमारे दहा गुण जास्तच दिले. म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यात याच लोकांकडून जे कमी गुण येतात, त्यांचं खापर त्यांच्या स्वभावावर फोडता येत नाही. उलट, जो हात मुळात सढळ आहे तोच कमी गुण देत असेल, तर सेवेतली खरी तफावत कागदावर दिसते त्याहून मोठी असू शकते. प्रयोग पाकिस्तानी वंशाच्या लोकांवर होता, आपल्यावर नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. पण 'आशियाई लोक किरकिरे असतात' या समजाला त्याने चांगलाच धक्का दिला.

मग गुण कमी का? एक कारण दवाखान्यांतच आहे. दक्षिण आशियाई रुग्ण ज्या दवाखान्यांत जास्त असतात, त्यांतल्या बऱ्याच दवाखान्यांना सगळ्याच रुग्णांकडून कमी गुण मिळतात, गोऱ्यांकडूनही. उरलेली तफावत एकाच दवाखान्यातल्या दोन रुग्णांमधली. डॉक्टरच्या बोलण्याबद्दलच्या प्रश्नांवर ती वयस्क पाकिस्तानी आणि बांगलादेशी स्त्रियांच्या बाबतीत सर्वाधिक दिसली. वरच्या हॅरोच्या सासूबाईंचं पत्र पुन्हा वाचा, म्हणजे हे असं का होत असेल याचा अंदाज येईल.

आणखी एक मेख आहे. पत्र फक्त १६ वर्षांवरच्या आणि त्या दवाखान्यात किमान सहा महिने सलग नोंद असलेल्यांनाच जातं. नव्याने आलेला, दर चार महिन्यांनी खोली बदलणारा, नोंदणीच न झालेला माणूस या पाहणीत येतच नाही. पत्र मिळालेल्यांतही ढोबळमानाने चौघांतला एकच उत्तर देतो. तुमच्यासारख्याने ते केराच्या टोपलीत टाकलं, तर तुमच्या गटाचं म्हणणं आणखी पुसट होतं.

आता भीतीचं. पत्रावरचा क्रमांक उत्तर आलेल्यांना पुन्हा आठवण पाठवायला लागू नये म्हणून असतो. दवाखान्याला फक्त एकत्रित आकडे मिळतात, कुणी काय लिहिलं ते कळत नाही. दिल्लीकर डॉक्टरांच्या कानावर तुमचं नाव जाणार नाही.

भरताना काही गोष्टी सांभाळा. फोन, रिसेप्शन, वेळ मिळणं आणि डॉक्टर यांचे प्रश्न वेगवेगळे विचारलेले असतात. चाळीस मिनिटं फोनवर ताटकळल्याचा राग डॉक्टरच्या रकान्यात काढू नका. आणि डॉक्टर देवमाणूस आहे म्हणून फोनच्या रकान्यात 'चांगला' असंही लिहू नका. दवाखान्याला फोनसाठी माणूस वाढवायला लागेल की नाही, हे त्याच रकान्यावरून ठरतं. काही प्रश्न फक्त शेवटच्या भेटीबद्दल असतात : डॉक्टरने पुरेसा वेळ दिला का, नीट ऐकलं का, आपुलकीने वागवलं का, उपचार ठरवताना तुम्हाला विचारलं का, विश्वास वाटला का. तिथे चार वर्षांची सरासरी काढायची नाही, ती एकच भेट डोळ्यांसमोर आणायची. आपल्या लोकांची खूण हमखास 'ना चांगला ना वाईट'वर जाते, कारण 'इथलं चांगलं म्हणजे किती चांगलं' याचा अंदाज नसतो. तुलना गावाकडच्या डॉक्टरशी नको आणि शेजारणीने सांगितलेल्या किश्श्याशीही नको. तुम्हाला जे हवं होतं ते त्या भेटीत झालं का, एवढंच बघा. आणि फुकटात मिळतंय त्याला नावं काय ठेवायची, हा संकोच सोडा. कर आणि अधिभार तुम्ही भरलेला आहे.

वडिलांच्या नावाने पत्र आलं असेल तर शेजारी बसून वाचून दाखवा, पण खूण त्यांच्या मनाने होऊ दे. मुलाने परस्पर भरलेल्या फॉर्ममध्ये मुलाचा अनुभव उतरतो.

पत्र आलं नाही तरी बोलायला वाट आहे. डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक दवाखान्यात 'फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट' असते. भेटीनंतर मोबाइलवर संदेश येतो, किंवा रिसेप्शनवर कार्ड मिळतं. तिथे कुणीही, कधीही मत देऊ शकतं आणि दोन ओळी लिहायलाही जागा असते. त्या ओळींत काय झालं ते लिहा : "सकाळी ८ ला फोन केला, ८.४० ला उचलला, तोवर आजच्या वेळा संपल्या होत्या." नुसतं "सर्व्हिस बेकार" लिहून कुणाच्याही हाती काही लागत नाही. मात्र दुर्मीळ आजाराचं नाव आणि भेटीची तारीख एकत्र लिहिलीत, तर निनावी कागदावरूनही तुम्ही ओळखू येता.

नवा दवाखाना निवडतानाही हे निकाल बघा. टक्केवारीशेजारी किती जणांनी उत्तर दिलं ते पाहायला विसरू नका. शंभरएक उत्तरं असतील तर आठ-नऊ टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ७२ आणि ७७ मध्ये डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. ५५ आणि ८० मध्ये आहे.

प्रश्न : महोदय, मी व सौ. साडेचार महिन्यांसाठी मुलाकडे मिल्टन कीन्सला जात आहोत. वय अनुक्रमे ७१ व ६६. मला मधुमेह, सौ.ला रक्तदाब. तिथे डॉक्टर मोफत असतात असे मुलगा म्हणतो. औषधे न्यावीत की तिथे घ्यावीत? — नाशिक

उत्तर : मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जीपीकडे जाणं पाहुण्यांनाही मोफत आहे. एका भागात २४ तासांहून जास्त आणि तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर तात्पुरती नोंदणी होते. तुमचा मुक्काम त्याहून मोठा असल्याने नेहमीची नोंदणी मागा. इस्पितळाच्या अपघात विभागातली तातडीची तपासणीही मोफत. पण तिथून वॉर्डात भरती केलं की मीटर सुरू होतं, आणि पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त बिल थकलं तर पुढचा व्हिसा अडू शकतो. तेव्हा प्रवासविमा घ्याच, आणि अर्जात मधुमेह व रक्तदाब लपवू नका. दावा नाकारण्यासाठी विमा कंपनीला तेवढं निमित्त पुरतं.

औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ पाकिटांत, चिठ्ठीसह न्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. तिथला जीपी नाशिकच्या डॉक्टरांची चिठ्ठी जशीच्या तशी पुढे चालवायला बांधील नाही. आपल्याकडे मधुमेहाला सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी तिथे मिळत नाही. दोन वेगळ्या लिहून द्याव्या लागतात, त्यासाठी आधी मात्रा कळायला हवी. म्हणून इथल्या डॉक्टरांकडून एक कागद टंकलिखित करून घ्या. प्रत्येक गोळीतल्या मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, एवढं त्यावर असू द्या. कंपनीचं नाव तिथल्या संगणकाला कळत नाही. खाली ताजा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ईसीजी कधी काढला आणि कशाची ॲलर्जी आहे, हे लिहा. चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला इंग्लंडमध्ये ९.९० पौंड पडतात, पण साठीपुढच्यांना माफ आहेत. तुम्ही दोघेही त्यात बसता.

प्रश्न : पोटात उजवीकडे दुखतं म्हणून लीड्सला जीपीकडे चारदा गेले. चारही वेळा वेगळा डॉक्टर, चारही वेळा पॅरासिटामॉल. तक्रार केली तर दवाखान्यातून काढून टाकतील, व्हिसावर शेरा येईल, असं रूममेट सांगतात. ताई, काय करू?

उत्तर : व्हिसाचा आणि तक्रारीचा काही संबंध नाही. नुसती तक्रार केली म्हणून यादीतून नाव काढताही येत नाही. पण तक्रारीच्या आधी दुखणं. दवाखान्याच्या ऑनलाइन अर्जात लिही : "याच दुखण्यासाठी ही पाचवी वेळ. आधीच्या भेटींच्या तारखा अशा-अशा. निदानाचा फेरविचार व्हावा आणि प्रत्यक्ष तपासणी व्हावी." सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये 'जेस रूल' आहे. एकच लक्षण घेऊन रुग्ण तिसऱ्यांदा आला किंवा लक्षणं वाढत गेली, तर जीपीने आधीचं निदान बाजूला ठेवून नव्याने विचार करावा, असं तो सांगतो. हा कायदा नव्हे, पण अर्जात त्याचं नाव असलं की वाचणारा थांबून वाचतो. दर वेळी वेगळा डॉक्टर म्हणजे प्रत्येकाला ते पहिलंच दुखणं वाटलेलं असणार. एनएचएस ॲपमध्ये आपली नोंद उघडून चारही भेटींत काय लिहिलंय ते बघ. "दुखणं सौम्य" असं लिहिलेलं असेल आणि तू रात्रभर झोपली नसशील, तर तेही अर्जात घाल. आणि दुखणं एकदम वाढलं, ताप आला, उलट्या थांबेनात, किंवा दिवस राहिले असण्याची शक्यता असली, तर अर्जबिर्ज काही नाही. लगेच १११ ला, एनएचएसच्या सल्ल्याच्या क्रमांकाला, फोन कर. अंधारी आली किंवा दुखणं सोसवेना, तर थेट ९९९, म्हणजे रुग्णवाहिका.

तक्रार करायचीच असेल तर घटनेपासून १२ महिन्यांच्या आत, दवाखान्याकडे किंवा इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, दोन्हींपैकी एकीकडे. कामाच्या तीन दिवसांत पोच मिळायला हवी. एका पानात तारखा, प्रत्येक वेळी काय सांगितलंस, काय मिळालं, आणि शेवटी तुला काय हवंय ते लिही. स्पष्टीकरण, माफी की दुसऱ्या डॉक्टरचं मत, हे नेमकं सांग. हा शेवटचा मुद्दाच बहुतेक तक्रारींत नसतो, आणि मग उत्तरही गोलमाल येतं. समाधान झालं नाही तर पुढे लोकपाल आहे. पत्र लिहायला मदत करणारी मोफत सेवाही प्रत्येक भागात असते.

प्रश्न : वय ३४, वजन ७४ किलो, उंची १७० सेंमी. वडिलांना मधुमेह. जीपीने सांगितलं, चाळिशीनंतर बोलावू. थांबू का? — हाउन्सलो

उत्तर : नको. चाळिशीला सुरू होणारी तपासणी ४० ते ७४ वयाच्या सरसकट सगळ्यांसाठी आहे. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेहाचा धोका पंचविशीपासूनच धरतात, आणि वजनाचे उंबरठेही आपल्यासाठी खालचे आहेत : बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ ला धोका वाढलेला, २७.५ ला जास्त. तुमचा २५.६ येतो. पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या वर असेल तर ती आणखी एक खूण. हे आकडे आणि वडिलांचा आजार लिहून एचबीए१सी मागा.

निकाल टक्क्यांत येणार नाही. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ४८ म्हणजे आपल्याकडचे ६.५ टक्के. साखरेचा आकडाही वेगळ्या मापात असतो. त्याला १८ ने गुणलं की ओळखीचा आकडा मिळतो, ७.० म्हणजे १२६. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटाच वाढलेला दिसू शकतो, आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तरी तो चकवतो. घरात कुणाला तसं असेल तर डॉक्टरना आधीच सांगा, म्हणजे ते उपाशीपोटीची साखरही बघतील.